आकाशातले ते डाग: डीएसएलआरच्या सेन्सरवरची धूळ

निळ्या मोकळ्या आकाशात एक फिकट करडा ठिपका दिसतो. आधी तो पक्षी वाटतो. पुढचा फोटो उघडला तर तिथेच तसाच ठिपका, त्याच्या पुढच्यातही तिथेच. लेन्स पुसली, फिल्टर काढला, तरी तो जागचा हलत नाही. लेन्स बदलूनही डाग तिथेच राहिला, तर धूळ लेन्सवर नाही, कॅमेऱ्याच्या आत सेन्सरपाशी, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपपाशी आहे.

हे कळल्यावर माणसं दोन टोकांना जातात. काही जण घाबरून कॅमेऱ्याला हातच लावत नाहीत आणि डाग घेऊन वर्षानुवर्षं फोटो काढत राहतात. काही जण दिसेल ते कापड घेऊन सेन्सर पुसायला बसतात. दुसऱ्या टोकाचं नुकसान कायमचं असू शकतं. माझं स्पष्ट मत असं की सेन्सर साफ करणं शिकण्यासारखं आहे आणि त्यात गूढ काही नाही. पण प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: याहून कमी स्पर्श करून काम होईल का?

धूळ नेमकी कुठे आहे

कॅमेऱ्यात धूळ बसायच्या जागा बऱ्याच आहेत आणि प्रत्येक ठिकाणची धूळ वेगळी वागते. आधी ही ओळख करून घ्या, कारण निम्म्या वेळा माणसं चुकीच्या जागी सफाई करत असतात.

व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून बघताना काळे ठिपके दिसतात, पण फोटोत येत नाहीत, तर ती धूळ फोकसिंग स्क्रीनवर (आरशातून आलेलं चित्र जिच्यावर उमटतं ती पट्टी) किंवा आरशावर आहे. तिने फोटोला काहीच होत नाही, कारण फोटो निघतो त्या क्षणी आरसा वर गेलेला असतो. तिला सोडून द्या. डीएसएलआरच्या, म्हणजे लेन्सच्या मागे आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, आरशाचा चकाकता थर काचेच्या वरच्या बाजूला असतो, त्यावर संरक्षक काच नसते. कापडाच्या एका घासण्याने तो थर ओरखडतो. फोकसिंग स्क्रीन त्याहून नाजूक. ब्लोअरची, म्हणजे हाताने दाबायच्या रबरी फुग्याची, हवा मारून जेवढं उडेल तेवढं उडू द्यायचं आणि थांबायचं.

लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ फोटोत टोकदार डाग म्हणून दिसत नाही. ती फोकसपासून फार दूर असते. भरपूर साचली तर प्रकाश विखुरतो, सूर्य समोर असताना फोटो धुरकट येतो, एवढंच. लेन्सच्या आत दिसणारे एखाददोन कण पाहून लेन्स खोलायला देणारे लोक मला माहीत आहेत. त्याची गरज जवळपास कधीच नसते.

उरली सेन्सरसमोरची धूळ. हिचा डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, लहान ॲपर्चरला (लेन्समधून प्रकाश आत सोडणारं छिद्र) गडद होतो आणि मोठ्या ॲपर्चरला नाहीसा होतो. या शेवटच्या गुणाचं कारण समजलं की बाकी सगळं आपोआप कळतं, म्हणून तिथे जरा थांबू.

एफ/१६ ला दिसतो, एफ/२.८ ला का नाही

आपण ‘सेन्सरवर धूळ बसली’ म्हणतो, पण प्रत्यक्ष सेन्सरवर धूळ सहसा पोचतच नाही. सेन्सरच्या पुढे काचेचे थर असतात. त्यात अवरक्त किरण अडवणारा फिल्टर असतो, बऱ्याच कॅमेऱ्यांत बारीक नक्षीवर उमटणाऱ्या लाटा टाळणारा लो-पास फिल्टर असतो आणि शिवाय सेन्सरची स्वतःची आवरण-काच असते. धूळ बसते ती या सगळ्याच्या सर्वांत वरच्या काचेवर. तिथून खाली प्रकाश टिपणाऱ्या पिक्सेलपर्यंत थोडं अंतर उरतं. म्हणजे फोटोत आपल्याला कण दिसत नाही, कणाची सावली दिसते.

सावली किती गडद पडेल हे दिव्याच्या आकारावर ठरतं. कागदापासून जरा वर पेन्सिल धरा. मोठ्या खिडकीच्या उजेडात तिची सावली पसरट, जवळजवळ न दिसणारी पडते. त्याच जागी एक उघडा बारीक बल्ब लावला तर सावली काळी आणि रेखीव होते. कॅमेऱ्यात सेन्सरच्या दृष्टीने दिवा म्हणजे लेन्समधलं ॲपर्चर. एफ-आकडा जितका मोठा तितकं ते छिद्र लहान: एफ/२ ला ते मोठी खिडकी असतं, एफ/२२ ला बारीक बल्ब.

आता आकडे घालून बघू. वरची काच आणि पिक्सेल यांत २ मिलिमीटर अंतर धरा. एका पिक्सेलकडे येणारा प्रकाश शंकूच्या आकारात येतो आणि त्या शंकूचा काचेच्या पातळीवरचा व्यास म्हणजे अंतर भागिले एफ-आकडा. एफ/२ ला तो १ मिलिमीटर येतो. त्यात ०.०५ मिलिमीटरचा कण बसला असेल तर तो शंकूच्या क्षेत्रफळाचा फक्त पाव टक्का भाग अडवतो. एवढा फरक डोळ्याला कळणं शक्य नाही. एफ/८ ला शंकूचा व्यास पाव मिलिमीटर होतो आणि तोच कण ४ टक्के प्रकाश अडवतो. एफ/१६ ला १६ टक्के. एफ/२२ ला सुमारे ३० टक्के. काचेत प्रकाश जरा वाकतो ते या हिशेबात धरलेलं नाही, आणि प्रत्येक कॅमेऱ्यात काचेची जाडीही वेगळी असते, पण चढ किती झपाट्याने होते ते यातून दिसतं. कण तोच, जागा तीच, आणि एफ/२ पासून एफ/२२ पर्यंत त्याची सावली शंभर पटींहून जास्त गडद झाली.

म्हणूनच माणसांचे फोटो एफ/२ ला काढणाऱ्याला आपल्या कॅमेऱ्यात धूळ आहे याचा पत्ताच नसतो आणि एफ/१६ ला निसर्गचित्रं काढणारा त्याच कॅमेऱ्याने हैराण होतो.

आकारही बघा. पूर्ण फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. त्यावर २४ मेगापिक्सेल असतील तर आडव्या रांगेत ६,००० पिक्सेल बसतात, म्हणजे एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा. वरच्या कणाची एफ/१६ ची सावली साधारण तीस पिक्सेल रुंद पडते. हातात धरलेल्या कॅमेऱ्यात डोळ्यांनी न दिसलेला कण मोठ्या छपाईत सहज नजरेत भरतो.

मॅक्रो काढणाऱ्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. वस्तू जितकी मोठी तितकीच तिची प्रतिमा सेन्सरवर आली, म्हणजे एकास एक मोठेपणा असला, की साध्या हिशेबाने एफ/११ हे प्रत्यक्षात एफ/२२ सारखं वागतं. काही कॅमेरे हा बदल पडद्यावर दाखवतात, काही दाखवत नाहीत. त्यामुळे ‘मी तर एफ/११ ला काढला, मग एवढी धूळ कुठून आली’ या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

आणि डाग नेहमी आकाशातच का दिसतात? एक कारण उघड आहे: झाडीत, गर्दीत, दगडधोंड्यांत डाग लपतो, सपाट निळ्यावर लपत नाही. दुसरं कारण कमी जणांना माहीत असतं. लेन्स सेन्सरवर प्रतिमा उलटी पाडते. सैल धूळ खाली घसरते, सेन्सरच्या तळाच्या बाजूला साचते, आणि सेन्सरचा तळ म्हणजे फोटोचा वरचा भाग.

ही धूळ येते कुठून

लेन्स बदलताना येते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. डीएसएलआरमध्ये लेन्स काढली तरी सेन्सर लगेच उघडा पडत नाही, पुढे आरसा आणि बंद शटर (फोटो काढताना क्षणभर उघडणारा पडदा) असतं. पण माउंटमधून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यातून, आत गेलेली धूळ आरशाच्या पोकळीत बसून राहते आणि पुढच्या प्रत्येक फोटोला आरसा फटकन वर-खाली होतो तेव्हा तिथली हवा ढवळून निघते. शटर उघडं, हवा हललेली, कण मोकळे. लेन्स बदलली त्या दिवशी डाग नसतो आणि दोन दिवसांनी दिसतो, त्याचं कारण हे.

लांब होणारी झूम लेन्सही धूळ आणते. ती बाहेर सरकते तेव्हा आत हवा ओढते, आत जाते तेव्हा हवा ढकलते. म्हणून एकच लेन्स कायम लावून ठेवणाऱ्याच्या सेन्सरवरही धूळ येते. ‘मी कधी लेन्स काढलीच नाही’ हा काही पुरावा नव्हे.

तिसरा उगम कॅमेऱ्याच्या आतलाच. शटरची पाती, आरशाची यंत्रणा, वंगणाचे सूक्ष्म थेंब. नव्या कॅमेऱ्यात सुरुवातीला हे जास्त दिसू शकतं. तेलाचा डाग धुळीच्या डागापेक्षा वेगळा ओळखू येतो: तो बराचसा गोल असतो, मध्ये उजळ आणि कडेला गडद कडं. धुळीचा डाग वेडावाकडा, सगळीकडून करडा. तंतू असेल तर वाकडी रेघ. हा फरक ओळखता येणं कामाचं आहे, कारण तेल हवेने उडत नाही.

या आतल्या घाणीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण निकॉन डी६०० चं. २०१२ मध्ये आलेल्या या कॅमेऱ्यात फोटोंच्या डाव्या वरच्या भागात ठिपके दिसतात अशा तक्रारी मोठ्या संख्येने आल्या. २०१३ च्या फेब्रुवारीत कंपनीने त्याची दखल घेणारी सूचना काढली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बदललेल्या शटरचा डी६१० बाजारात आणला आणि २०१४ च्या फेब्रुवारीत हमीची मुदत संपलेल्या डी६०० चीही विनामूल्य तपासणी आणि शटरबदल जाहीर केला. ग्राहकांनी आपापल्या फोटोंतले डाग जुळवून दाखवले, ते सगळे एकाच कोपऱ्यात निघाले, आणि त्यामुळे ‘तुम्हीच लेन्स नीट बदलत नाही’ हा युक्तिवाद टिकला नाही. स्वतःच्या डागांचा नकाशा ठेवणं किती उपयोगी पडतं ते यातून कळतं.

फिल्मच्या काळात ही कटकट या रूपात नव्हती. कण एका चौकटीवर बसला तर फिल्म पुढे सरकली की तोही तिच्याबरोबर गेला. डिजिटल कॅमेऱ्यात प्रत्येक फोटो त्याच पृष्ठभागावर पडतो, त्यामुळे एकदा बसलेला कण हजारो फोटोंत हजेरी लावतो.

कॅमेऱ्याची स्वतःची सफाई

कंपन्यांनी यावर लवकर विचार सुरू केला. २००२ च्या सिग्मा एसडी९ मध्ये माउंटच्या आतच एक पारदर्शक आवरण बसवलेलं होतं, म्हणजे धूळ अडली तर तिथे, सेन्सरपासून दूर. २००३ मध्ये ऑलिंपस ई-१ ने वेगळी वाट धरली: सेन्सरपुढच्या पातळ काचेला श्राव्यातीत कंपनं देऊन धूळ झटकायची. २००६ मध्ये कॅनन ईओएस ४००डी, सोनी अल्फा १०० आणि पेंटॅक्स के१०डी या तिघांनी आपापल्या पद्धतीने हलवून धूळ पाडायची सोय दिली. २००७ मध्ये निकॉन डी३०० मध्ये ती आली. आता ती बहुतेक कॅमेऱ्यांत असते आणि चालू-बंद करताना आपोआप चालते.

कोरडी, सैल धूळ या कंपनांनी सुटते. सुटलेला कण खाली पडावा आणि पुन्हा उडू नये म्हणून अनेक कॅमेऱ्यांत तिथे चिकट पट्टी असते. यावरून एक साधी गोष्ट निघते, आणि ती बहुतेक जण उलट करतात: ही स्वयंचलित सफाई चालवताना कॅमेरा सरळ, तळ खाली करून टेबलावर ठेवायचा. लेन्स जमिनीकडे करून नाही. कॅनन आणि निकॉन दोघांच्याही माहितीपुस्तिका हेच सांगतात.

ओलसर होऊन चिकटलेला परागकण, तेलाचा थेंब, वाळलेला पाण्याचा डाग यांच्यापुढे कंपनं हतबल असतात. लागोपाठ चालवूनही फरक दिसला नाही तर थांबा. काही कॅमेरे आतल्या विद्युत मंडलाला त्रास होऊ नये म्हणून ही सोय थोडा वेळ स्वतःच बंद करतात.

आधी चाचणी, मग बाकी सगळं

चाचणीशिवाय सफाई करू नका. ॲपर्चर एफ/१६, आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलतेचा आकडा) १००, ऑटोफोकस बंद. समोर पांढरी भिंत, कोरा कागद किंवा संगणकाचा पूर्ण पांढरा पडदा. लेन्स मुद्दाम फोकसबाहेर ठेवा आणि शटर उघडं असताना कॅमेरा थोडा हलवा. हात हलला तर फोटो बिघडतो हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, इथे नेमकं तेच हवं आहे: भिंतीवरचा पोत पुसला जातो आणि सेन्सरबरोबर हलणारी धूळ तेवढी स्थिर राहते. एक्स्पोजर एखाद स्टॉपने जास्त (म्हणजे प्रकाश साधारण दुप्पट) द्या, म्हणजे भिंत करडी न येता पांढरी येईल.

फोटो संगणकावर उघडून कॉन्ट्रास्ट बराच वाढवा आणि शंभर टक्क्यांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरा. कुठला डाग कुठे, याची साधी आकृती कागदावर काढून ठेवा. सफाईनंतर पुन्हा हाच फोटो काढायचा आणि ताडून पाहायचा. जागा ओळखायची रीत अशी: कॅमेरा सरळ धरून समोरून, माउंटमधून आत पाहिलं तर फक्त वर-खाली उलटतं, डावं-उजवं तसंच राहतं. फोटोत डावीकडे वर डाग असेल तर आत पाहताना कण डावीकडे खाली असेल.

पुष्कळ जण ही चाचणी एफ/२२ ला किंवा त्याहूनही लहान ॲपर्चरला घेतात आणि दिसलेल्या चित्राने हादरतात. त्या चाचणीत पूर्ण कोरा दिसणारा सेन्सर मिळणं फार अवघड. एवढ्या लहान ॲपर्चरला विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, फोटो तसाही मऊ पडतो, म्हणून प्रत्यक्षात आपण तिथे क्वचित जातो. मी एफ/१६ प्रमाण मानतो. तिथे आकाशात नजरेत भरेल असा डाग असेल तरच हात लावायचा. कडेला दोन-चार फिकट ठिपके असतील तर कॅमेरा मिटा आणि फोटो काढायला जा. शेवटचा ठिपका जाईपर्यंत घासत बसण्यातच काचेवर ओरखडे उमटतात.

हवेने होत असेल तर हवेनेच

ब्लोअर म्हणजे रबराचा फुगा आणि पुढे नळी. पुढे ब्रश लावलेला नको, साधाच घ्या. बहुसंख्य वेळा सफाई इथेच संपते.

बॅटरी पूर्ण चार्ज करा. ही औपचारिकता नाही. सेन्सरपर्यंत पोचायचं तर आरसा वर आणि शटर उघडं राहायला हवं आणि ते विजेवर धरलेलं असतं. मध्येच बॅटरी संपली तर आरसा आणि शटर परत येणार, आत जे असेल त्यावर आदळणार. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत अशा वेळी आधी आवाज आणि दिव्याची उघडझाप होऊन इशारा मिळतो, पण इशाऱ्यावर विसंबण्याची वेळच येऊ देऊ नये.

मेनूमध्ये सफाईसाठी आरसा वर ठेवायचा वेगळा पर्याय असतो, तोच वापरा. बल्ब मोड लावून बटण दाबून धरायचं हा जुना उपाय धोक्याचा आहे: बोट सुटलं की शटर मिटतं.

पंखा बंद, खिडक्या बंद. लेन्स काढली की आधी आरसा खाली असतानाच माउंट जमिनीकडे करून आरशाच्या पोकळीत हलकी हवा द्या. सेन्सर उघडल्यावर नेमकी तिथली धूळ आत जाऊ नये म्हणून. ब्लोअर आधी चार-पाच वेळा हवेत दाबा, त्याच्या पोटातली धूळ बाहेर पडू दे. मग आरसा वर करा, माउंट खाली तोंड करूनच ठेवा आणि बाहेरूनच हवेचे जोरदार झोत मारा. नळीचं टोक माउंटच्या आत घालू नका. हात निसटला आणि टोक काचेला लागलं तर पाच मिनिटांचं काम महाग पडतं. झालं की कॅमेरा बंद करा, लेन्स लावा, पुन्हा चाचणी.

तोंडाने फुंकर कधीही घालू नका. थुंकीचे सूक्ष्म तुषार उडतात आणि वाळून जे डाग पडतात ते धुळीपेक्षा चिवट असतात. डब्यातली दाबाची हवाही नको. त्यात दाब देणारा द्रव असतो, डबा जरा तिरका झाला की तो गार फवारा होऊन काचेवर बसतो. तेलाचा कॉम्प्रेसर असेल तर हवेबरोबर तेलही येतं. जोर जास्त म्हणजे सफाई चांगली हा हिशेब इथे लागू होत नाही.

चिकट काठी, ब्रश आणि मग ओली सफाई

हवेने न उडालेल्या एखाददोन कणांसाठी जेलची चिकट टोक असलेली काठी मिळते. पेंटॅक्सने आपल्या सफाई संचात ती दिली होती. टोक काचेवर सरळ टेकवायचं, सरळ उचलायचं, मग सोबतच्या चिकट कागदावर टेकवून कण तिथे सोडायचा. घासायचं नाही. तेलाच्या डागावर ही काठी वापरू नका, तेल टोकाला लागतं आणि पुढच्या प्रत्येक जागी छापलं जातं. सेन्सरचे ब्रशही असतात. पण ब्रश चुकून आरशाच्या यंत्रणेच्या वंगणाला लागला तर ते वंगण सेन्सरवर फासलं जातं. सराव नसलेल्याला मी ब्रश सुचवणार नाही.

तेल, चिकटलेले परागकण, वाळलेले डाग यांना ओली सफाई लागते. सेन्सरसाठीचे स्वॅब, म्हणजे टोकाला मऊ कापड असलेल्या चपट्या काड्या, वेगवेगळ्या रुंदीत मिळतात: पूर्ण फ्रेमला २४ मिलिमीटर, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरला साधारण १६ मिलिमीटर. ही रुंदी सेन्सरच्या उंचीशी जुळते, म्हणजे एका फटक्यात पूर्ण पृष्ठभाग पुसला जातो आणि मध्ये शिवण उरत नाही. चुकीच्या रुंदीचा स्वॅब घेऊ नका. द्रवही सेन्सरसाठी बनवलेलाच हवा. असे बरेच द्रव अतिशुद्ध मिथेनॉलचे असतात, ते वाळतात आणि मागे काही ठेवत नाहीत. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे: खिडकी उघडून काम करता येत नसेल तर निदान खोली मोठी असू द्या, जवळ ज्योत नको, बाटली मुलांच्या हाताबाहेर. घरातला काच पुसायचा द्रव, चष्म्याचा फवारा, ॲसिटोन यांतलं काहीही सेन्सरजवळ आणू नका. काचेवरचा लेप जाऊ शकतो.

ओला हात लावण्याआधी ब्लोअर पुन्हा एकदा. सैल वाळूचा कण स्वॅबखाली सापडला तर काचेवर रेघ उमटते. स्वॅबच्या कडेवर दोन-तीन थेंब टाका आणि काही सेकंद मुरू द्या. स्वॅब ओलसर हवा, निथळणारा नको. जास्त झालेला द्रव काचेच्या कडेला जातो आणि वाळताना ओघळ सोडतो. सेन्सरच्या एका कडेला स्वॅब टेकवा, किंचित तिरका धरा, दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता एक संथ फटका मारा. तिथे उचला, स्वॅब उलटा करा, कोऱ्या बाजूने परत या. तो स्वॅब संपला. पुन्हा त्याच सेन्सरवर फिरवायचा नाही, कारण कडेची घाण त्यात आली आहे. दाब किती? स्वॅबची दांडी जेमतेम वाकेल एवढा. डाग राहिला तर नवा स्वॅब. तेलाच्या डागाला दोन-तीन लागणं साहजिक आहे, पहिल्या फटक्यात तेल बऱ्याचदा पसरतं आणि दुसऱ्यात निघतं.

काही कॅमेऱ्यांत थरथर सावरण्यासाठी सेन्सरच हलता बसवलेला असतो. पेंटॅक्सच्या अनेक डीएसएलआरमध्ये तसं आहे. स्वॅबखाली तो सरकतो आहे असं वाटलं तर दाब वाढवून त्याला थोपवू नका. अशा कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका आधी वाचाच. हमीच्या अटीही तिथेच पाहून घ्या: बहुतेक कंपन्या ब्लोअरपर्यंतच परवानगी देतात आणि पुढचं काम सेवा केंद्राचं मानतात. हात थरथरत असेल, मन घाबरत असेल, तर सेवा केंद्र हाच योग्य पर्याय आहे. तिथून कॅमेरा परत घेताना समोरच एफ/१६ ची चाचणी काढून बघा आणि नेताना काढलेला फोटो सोबत ठेवा. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री मात्र ओल्या सफाईच्या नादी लागू नका, काही राहिलं तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

लेन्स बदलताना

धूळ पूर्ण थांबवता येत नाही, कमी करता येते. नवी लेन्स आधी हातापाशी तयार ठेवा, तिचं मागचं झाकण सैल करून. वाऱ्याकडे पाठ करा. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे असू द्या आणि बदल पटकन उरका. एवढं बहुतेकांना माहीत असतं. विसरतात ते झाकणांना. लेन्सचं मागचं झाकण आणि बॉडीचं झाकण महिनोन्‌महिने बॅगेच्या तळाशी पडलेलं असतं, त्यात धूळ आणि कापडाचे तंतू साचतात, आणि तेच आपण लेन्सच्या मागच्या काचेवर बसवतो. ती काच मग सेन्सरसमोर येते. झाकणं धुवा, पूर्ण वाळवा, बॅग आतून झटका. दोन झाकणं काढल्यावर एकमेकांत बसवून ठेवली तरी फरक पडतो.

आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत लेन्स काढली की सेन्सर थेट समोर दिसतो, त्यामुळे हे सगळं तिथे अधिकच लागू. काही मॉडेलांत, उदाहरणार्थ २०१८ च्या कॅनन ईओएस आर मध्ये, कॅमेरा बंद केला की शटर मिटून सेन्सर झाकलं जातं. अशा मिटलेल्या शटरच्या पात्यांवर जोरात हवा मारू नका, ती फार पातळ असतात.

काढून झालेल्या फोटोंचं काय

डाग त्याच जागी राहतो, हा त्रास संपादनात उपयोगाला येतो. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोवर डाग काढले की ती दुरुस्ती त्या सत्रातल्या बाकी फोटोंना एकदम लावता येते. डाग शोधण्यासाठी चित्र काळं-पांढरं करून दाखवणारी सोयही त्यात आहे, तिच्याने डोळ्याला सुटलेले ठिपके सापडतात. पण सगळे फोटो एकदा नजरेखालून घालाच: एकात तिथे आकाश असतं, दुसऱ्यात नेमका कोणाचा तरी डोळा. ॲपर्चर किंवा लेन्स बदलली असेल तर डागाचा आकार बदलतो, आणि कडेकडचे डाग किंचित सरकतातही, कारण प्रकाश काचेवर वेगळ्या कोनातून येतो. कॅनन आणि निकॉनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये कोऱ्या पृष्ठभागाचा संदर्भ-फोटो घेऊन डाग आपोआप पुसायची सोय आहे. आकाशावर ती छान चालते, बारीक पोतावर तिचं काम मला समाधानकारक वाटत नाही.

व्हिडिओत मात्र परिस्थिती कठीण होते. कॅमेरा फिरतो, दृश्य सरकतं आणि डाग पडद्यावर एकाच जागी खिळून राहतो, त्यामुळे फोटोत न जाणवलेला ठिपकाही चटकन दिसतो. तो काढायचा तर प्रत्येक चौकटीत काढावा लागतो. शिवाय भर उन्हात १/५० सेकंदाच्या शटरवर चित्रीकरण करायचं म्हटलं की ॲपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ पर्यंत मिटवणं भाग पडतं, म्हणजे धूळ सर्वांत गडद दिसते तीच जागा. लेन्सपुढे एनडी फिल्टर, म्हणजे करडी काच, लावला तर प्रकाश तिथेच कमी होतो, ॲपर्चर एफ/४ किंवा एफ/५.६ ला उघडं ठेवता येतं, आणि सेन्सरला हात न लावता बहुतेक डाग चित्रातून जातात.